तंबू कोण उभारणार?

वाचकांचे प्रश्न, गाईड कॅप्टन बाईंची उत्तरं

दहावीची परीक्षा संपली की साताऱ्यात दोन गोष्टी सुरू होतात: यवतेश्वरच्या बाजूने करवंदांच्या पाट्या यायला लागतात आणि माझ्याकडे शिबिरांबद्दलची पत्रं. शाळेतून निवृत्त झाले, पण गळ्यातला स्काऊट-गाईडचा रुमाल काही कुणी उतरवू देत नाही. या वेळची निवडक पत्रं घेतली आहेत.

बाई, माझी मुलगी सातवीत असून शाळेच्या गाईड पथकात आहे. मे महिन्यात शाळेचं शिबिर आहे. तंबूत राहायचं, स्वयंपाक मुलींनीच करायचा. नेमकं त्याच आठवड्यात पाचगणीकडे एक खासगी शिबिर आहे. तिथे झिपलाईन, रॅपलिंग आणि शेवटी 'लीडरशिप'चं प्रमाणपत्र. मुलीला झिपलाईन हवी, तिच्या बाबांना प्रमाणपत्र हवं, आणि मला रात्री निवांत झोप हवी. कुठे पाठवू? — एक आई, विटा

ताई, झिपलाईनला मी नावं ठेवणार नाही. उंचीची भीती मोडते, पोर खूश होऊन घरी येतं. पण त्या दोरीवरून जाताना मुलीला काय ठरवावं लागतं, याचा जरा विचार करा. हार्नेस दुसऱ्याने बांधलेला, दोर तिसऱ्याने तपासलेला, 'जा' म्हणणारा चौथा. तिच्याकडे काम एकच, किंचाळण्याचं. यात मजा आहे, नेतृत्व कुठून येणार?

आता शाळेच्या शिबिराचा पहिला दिवस बघा. चार वाजता गाडी सामान उतरवून निघून जाते. सात वाजता अंधार पडतो. मधल्या तीन तासांत सहा-आठ मुलींच्या एका संघाला तंबू उभा करायचा असतो, पाणी भरायचं असतं, सरपण, चूल, तांदूळ निवडणं, सगळं एकदम. संघनायिका म्हणजे त्यांच्यातलीच एक, फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठी. कुणाला कुठे लावायचं हे तिनं ठरवायचं. आम्ही कॅप्टन मंडळी, म्हणजे पथक सांभाळणाऱ्या बाई, दगडावर बसून असतो. खुंटी उलटी ठोकली जातेय हे दिसत असतं आणि तोंड मिटून बसावं लागतं. आमच्या प्रशिक्षणातला हा सगळ्यात अवघड धडा, आणि बऱ्याच जणींना तो शेवटपर्यंत जमत नाही.

मेढ्याच्या बाजूला एका शिबिरात एका संघाची डाळ शिजेना. लाकडं ओली होती, आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता. नऊ वाजले, दोघी भुकेने रडायला आल्या. त्यांच्या संघनायिकेनं सकाळच्या न्याहारीचे पोहे काढले, भिजवले, वर कच्चा कांदा, तेल, शेंगदाण्याची चटणी घातली आणि वाढून टाकले. स्वतः शेवटी बसली तेव्हा पातेल्यात मूठभर उरले होते. उपसंघनायिकेनं न बोलता आपल्या ताटातले अर्धे तिच्या ताटात सरकवले. झोपायच्या आधी त्या पोरीनं सगळ्यांना विचारलं, "पोहे संपले, सकाळी काय करायचं ते आत्ता ठरवू." सकाळी अर्धवट शिजलेल्या त्याच डाळीत पीठ घालून धिरडी झाली. करपलेली होती, पण झाली. हे मी शिकवलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही नव्हतं.

ही संघपद्धत काही आपली इथली खास नाही. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हाच त्यानं मुलांचे चार संघ पाडले होते: लांडगा, बैल, कावळ्याच्या कुळातला रॅव्हन आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. मोठ्या घरची आणि कामगारांची मुलं त्यानं मुद्दाम एका तंबूत मिसळली आणि प्रत्येक संघ एका मुलाच्या ताब्यात दिला. गणवेश, संचलन वगैरे नंतरची भर.

खासगी शिबिराला नंतर कधी पाठवणार असाल तर फोनवर हे विचारा: राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे तुमची नोंदणी आहे का (साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण 2021 पासून आहे), एका प्रशिक्षकामागे मुलं किती, हेल्मेट लहान मुलांच्या मापाची आहेत का, रात्री मुलींच्या मुक्कामाला बाई कोण आणि जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि हेच प्रश्न शाळेलाही विचारा बरं! शाळेचं शिबिर म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. हल्ली काही ठिकाणी आचारी बोलावतात, तंबूवाला तंबू लावून देतो आणि मुलं फक्त फोटोपुरती चुलीजवळ उभी राहतात. तेव्हा थेट विचारा, 'तंबू कोण उभारणार?' 'मुलीच' असं उत्तर आलं तर बिनधास्त पाठवा.

बाबांना सांगा, कागदच हवा असेल तर गाईडिंगमध्ये रीतसर पायऱ्या आहेत. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. एका सुट्टीत यातलं काही उरकत नाही. झिपलाईनला एखाद्या रविवारी बाबांनीच घेऊन जावं, बाबांनाही जरा किंचाळू दे.

बाई, मी आठवीत आहे आणि स्काऊट पथकात संघनायक आहे. माझ्या संघातला एक मुलगा माझ्यापेक्षा उंच आणि दांडगा आहे. तो माझं ऐकत नाही. मी ओरडलो की सगळे हसतात. शिबिरात काय करू? — एक संघनायक, कोरेगाव

अरे, आधी ओरडणं बंद कर. ओरडून ऐकत असते तर सगळ्या शाळांतल्या सगळ्या सरांचं ऐकलं गेलं असतं.

तो दांडगा आहे ना? मग त्याच्या दांडगाईला काम दे. शिबिरात तुम्हाला काठ्यांचं काहीतरी बांधायला लावतीलच, भांड्यांची मांडणी, चपलांचा स्टँड किंवा टेहळणीचा मनोरा. त्यात सगळा खेळ स्क्वेअर लॅशिंगचा, म्हणजे उभी-आडवी काठी दोरानं घट्ट बांधण्याचा असतो. उभ्या काठीवर आडव्या काठीच्या खाली क्लोव्ह हिच नावाची गाठ मारायची, मग दोर दोन्ही काठ्यांना तीन-चार वेढे घालत फिरवायचा, आणि मग दोन काठ्यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांवरून, दोन-तीन आवळते वेढे. शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. आवळत्या वेढ्यांना जोर लागतो. तिथे कच्चा पडला तर मनोरा रात्रीत वाकडा होतो. तू गाठ मार आणि त्याला म्हण, "मला एवढा ताण देता येत नाही, तू ओढ." हे खोटं बोलणं नाही, तुला खरंच येत नसणार. सगळ्यांसमोर म्हण. बघ काय होतं ते.

दुसरं म्हणजे कामाचा तक्ता तू एकट्यानं करू नकोस. पहिल्या संध्याकाळी संघसभा घे, सगळे गोल बसा आणि तक्ता तिथेच लिहा. संडासाच्या चरावर माती टाकायचं आणि भांडी घासायचं काम पहिल्या दिवशी स्वतःच्या नावावर घाल. हे काम तू केलेलं एकदा दिसलं की दुसऱ्या दिवशी कुणाचंही नाव घालताना तुझा आवाज चढणार नाही, चढायची गरजच पडणार नाही.

तरीही अडलं तर मानसभेत बोल. सगळे संघनायक आणि सर मिळून बसतात ती सभा त्यासाठीच असते, आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. पण चुगली म्हणून सांगू नकोस. 'माझ्या संघात अमुक काम होत नाहीये, तुमच्या संघात कसं करता?' असं विचार. दुसऱ्या संघनायकांचीही हीच रड आहे, हे तिथे गेल्यावर कळेल तुला.

तुला संघनायक केलं ते पहिल्या नंबरामुळे की मुलांनी निवडलं म्हणून, हे तू लिहिलेलं नाहीस. नंबरामुळे असेल तर सरांना माझा निरोप सांग, पुढच्या वर्षी मुलांना विचारा म्हणावं.

बाई, जत तालुक्यातल्या शाळेत स्काऊट मास्तर आहे. मे महिन्यात मुलांना वासोट्याला नेऊन तिथे मुक्काम करायचा विचार आहे. शेकोटीचा कार्यक्रमही गडावरच. काही सूचना? — एक शिक्षक

सर, वासोट्यावर मुक्काम करता येत नाही. तो कोयना अभयारण्यात येतो. बामणोलीहून वन खात्याची परवानगी घेऊन लाँचनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. अभयारण्यात शेकोटी पेटवली तर मुलांना नेतृत्वाऐवजी दंडाची पावती बघायला मिळेल. मे महिन्यात सह्याद्रीतलं गवत वाळून कुरकुरीत झालेलं असतं, एका ठिणगीनं डोंगरच्या डोंगर काळा पडतो. वणव्यात पहिली होरपळतात ती जमिनीवरची अंडी आणि पिल्लं. शेकोटीची गाणी कंदिलाभोवतीही म्हणता येतात. आम्ही कंदिलावर लाल जिलेटीन कागद लावायचो, पोरं तितकीच नाचायची.

मुक्कामाला सज्जनगड बरा. पायऱ्या आहेत, पाणी आहे, वर राहण्या-जेवणाची सोय होते. अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत रस्ता जातो, म्हणजे गरज पडलीच तर गाडी येते. एवढ्या लांब यायचं नसेल तर तुमच्या बाजूला मिरज-कवठेमहांकाळच्या मधला दंडोबा आहे. तिथे डोंगरात कोरलेलं देऊळ बघता येईल. मात्र वन खात्याला आधी कळवा.

मे महिन्याचे तीन वैरी आहेत: ऊन, वळीव आणि आग्या मोहोळ. चढाई पहाटे सुरू करा आणि दहाच्या आत सावली गाठा. प्रत्येक मुलाजवळ निदान तीन लिटर पाणी हवं. गडावरच्या टाक्यांवर भिस्त ठेवू नका, या दिवसांत त्या कोरड्या नाहीतर हिरव्या असतात. जलसंजीवनीची पाकिटं नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. हे मुलांनाच करायला लावा.

वळीव दुपारनंतर येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मुलांना मोजायला सांगा. सेकंदांना तीननं भागलं की साधारण किलोमीटर मिळतात. अंदाज घ्यायचा याहून चांगला धडा नाही. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की बुरूज, माथा, एकटं झाड सोडून खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

मोहोळाचं जरा कडक बोलते. कड्याखाली, बुरुजांच्या कोनात ती काळी पोळी लटकलेली असतात. अत्तर नको, धूर नको, घोषणा नकोत. 'गडावर जाऊन शिवाजी महाराजांच्या नावानं आरोळी द्यायची नाही का?' असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. द्या, पोळ्यापासून लांब, मोकळ्या जागी द्या. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत सुटायचं, थांबायचं नाही, झटकत बसायचं नाही. काटे नखानं खरवडून लगेच काढायचे. पुष्कळ डंख झाले किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय, 108 ला फोन. म्हणूनच निघण्याआधी वर मोबाईलला रेंज कुठे मिळते ते स्वतः जाऊन बघून या. मुलांना नेण्याआधी शिक्षकानं त्या वाटेनं एकदा चालून आलंच पाहिजे, याला सूट नाही.

बाई, मी सातवीत आहे. शिबिराच्या दिवसांत माझी पाळी येणार आहे. आजी म्हणते जाऊ नकोस, स्वयंपाकाला शिवावं लागेल. — एक गाईड, तासगाव

जा गं. तंबूतल्या चुलीला काही कळत नाही. आजीशी वाद घालू नकोस, मी फोन करून बोलते, आमच्या वयाच्या बायकांचं आपापसात जमतं. पॅड, जुनी वर्तमानपत्रं, एक गडद रंगाची जादा सलवार आणि एक घट्ट झाकणाचा डबा घे. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचं, चरात किंवा झुडपात टाकायचं नाही. पोट दुखत असेल तर कॅप्टनला सरळ सांग, त्या दिवशी पाणी भरण्याऐवजी तांदूळ निवडायला बस. आणि पॅडची दोन पाकिटं जास्तीची घे. तुमच्या तंबूत आणखी कुणालातरी लागतील, आणि ती मागायला लाजेल.