वाचक विचारतात : स्पॅनिश ओळखी, इंग्रजी अडचणी

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच गाठीभोवतीचे आहेत. स्पॅनिशमध्ये कुणी ओळखीचं, ऐकलेलं, नावाजलेलं असेल तर भाषांतर करताना इंग्रजीत काय लिहायचं? स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. स्पेनच्या बहुतेक भागात ‘कोनोसेर’चं ‘कोनोथेर’ होतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

प्रश्न : कादंबरीतल्या संवादांत ‘मे सुएना’ पानोपानी येतं. दर वेळी ‘इट रिंग्ज अ बेल’ लिहिलं की संपादक खाली रेघ मारतात. दुसरं काय लिहावं?

संपादकांचं बरोबर आहे. ‘मे सुएना’ म्हणजे आपलं ‘ऐकल्यासारखं वाटतंय’ किंवा ‘कानावरून गेलंय’. पक्की ओळख नाही, पण अगदी परकंही नाही. रचनाही आपल्याच वळणाची आहे : कर्ता ‘मी’ नाही, ती गोष्ट. एक नाव असेल तर ‘मे सुएना’, अनेक असतील तर ‘मे सुएनान’. इंग्रजीच्या सवयीने ‘मी’ला कर्ता करून ‘मे सुएनो’ म्हणाल, तर ‘मी नाक शिंकरतो’ असा अर्थ होईल.

इंग्रजीत नेताना आधी बघायचं, की ओळखीचं काय वाटतंय. नाव किंवा शब्द असेल तर ‘रिंग्ज अ बेल’ किंवा ‘साउंड्स फॅमिलिअर’. चेहरा असेल, म्हणजे ‘मे सुएना सु कारा’, तर ‘साउंड्स’ चालणार नाही. चेहऱ्याला इंग्रजी ‘लुक्स फॅमिलिअर’ म्हणते. मागे ‘दे अल्गो’ जोडलं असेल (‘मे सुएना दे अल्गो’), तर ‘कुठेतरी पाहिलंय, पण कुठे ते आठवत नाही’ हा भाव आला. तिथे ‘आय नो हिम फ्रॉम समव्हेअर’ चपखल बसतं.

खरी पंचाईत होते ती पुढे अख्खं वाक्य आल्यावर. ‘मे सुएना के या सेर्रारोन’, म्हणजे ‘बंद झालंय असं ऐकल्यासारखं वाटतंय’. ‘रिंग्ज अ बेल’च्या मागे ‘दॅट’ लावून असं वाक्य जोडता येत नाही, म्हणून घंटा सोडून द्यायची आणि ‘आय थिंक आय हर्ड दे क्लोज्ड’ लिहायचं. ‘मे सुएना आबेर्लो लेइदो’ म्हणजे ‘वाचल्यासारखं वाटतंय’. त्याला ‘आय सीम टू रिमेंबर रीडिंग इट’. नकाराच्या दोन पायऱ्या आहेत. ‘नो मे सुएना’ला ‘डझन्ट रिंग अ बेल’ पुरे, पण ‘नि मे सुएना’ ठसक्याचं आहे, त्याला ‘नेव्हर हर्ड ऑफ इट’च हवं.

एका अक्षराने अर्थ फिरतो तोही बघा. ‘दे’ आलं तर कुठून तरी ओळखीचं. ‘आ’ आलं तर कशासारखं तरी. ‘मे सुएना आ एक्स्कुसा’ म्हणजे ‘मला ही सबब वाटते’, इंग्रजीत ‘साउंड्स लाइक अ‍ॅन एक्स्क्यूज टू मी’. इथे ओळखीचा काही संबंध नाही. ‘मे सुएना आ चिनो’ म्हणजे काही कळलं नाही. स्पॅनिश माणसाला जे चिनी वाटतं ते इंग्रजाला ग्रीक वाटतं, म्हणून ‘इट्स ऑल ग्रीक टू मी’.

आणि काहीही केलंत तरी ‘आय नो इट’ लिहू नका. साक्षीदार ‘एसे नोम्ब्रे मे सुएना’ म्हणाला आणि भाषांतरात ‘आय नो दॅट नेम’ आलं, तर तुम्ही त्याची साक्षच बदललीत.

प्रश्न : ‘कोनोसिदो पोर’ला ‘नोन फॉर’ लिहावं की ‘नोन बाय’? शब्दकोशात दोन्ही सापडतात.

‘नोन अ‍ॅज’ आणि ‘नोन टू’ही त्यात धरा. ‘पोर’ या एका शब्दावर स्पॅनिश चार कामं ढकलते, म्हणून ‘पोर’कडे न बघता त्याच्या पुढच्या शब्दाकडे बघायचं.

पुढे कारण आलं तर ‘फॉर’ : ‘कोनोसिदो पोर सुस रेत्रातोस’, व्यक्तिचित्रांसाठी प्रसिद्ध, ‘नोन फॉर हिज पोर्ट्रेट्स’. पुढे माणसं आली, जसं ‘कोनोसिदो पोर तोदोस’, तर ‘नोन टू एव्हरीवन’. इथे ‘बाय’ अगदी चूक म्हणता येणार नाही, पण ‘टू’ जास्त सहज वाटतं. पुढे टोपणनाव आलं तर ‘अ‍ॅज’. आणि ‘टोपणनाव’ हा शब्दच वाक्यात असेल, म्हणजे ‘पोर एल आपोदो दे’, तर ‘नोन बाय द निकनेम’. ‘बाय’ची हक्काची जागा ही.

मूळ वाक्यात ‘पोर’ऐवजी ‘कोमो’ असेल तर प्रश्न मिटला, ‘अ‍ॅज’ ठरलेलं. क्रीटमध्ये जन्मलेला आणि 1614 साली टोलेडोत वारलेला चित्रकार दोमेनिकोस थिओतोकोपुलोस स्पॅनिश मजकुरात ‘मास कोनोसिदो कोमो एल ग्रेको’ म्हणून येतो. आता अडचण ‘मास’ची. ‘मोअर नोन अ‍ॅज’ हे इंग्रजी नव्हे; ‘बेटर नोन अ‍ॅज’ हवं. तसंच ‘मुय कोनोसिदो’चं ‘व्हेरी नोन’ होत नाही, ‘वेल नोन’ होतं. आणि ‘एल मास कोनोसिदो’चं ‘द बेस्ट नोन’. मुद्रितशोधन करणाऱ्यांसाठी एक बारकावा : नामाच्या आधी ‘वेल-नोन पेंटर’मध्ये जोडरेघ द्यायची, वाक्याच्या शेवटी ‘ही इज वेल नोन’मध्ये नाही.

बातम्यांत ‘बिएखो कोनोसिदो दे ला पोलिसिआ’ हमखास भेटतो. ‘अ‍ॅन ओल्ड अ‍ॅक्वेंटन्स ऑफ द पोलीस’ असं शब्दशः केलं तर थट्टेचा सूर लागतो. मूळ लेखात तो सूर असेल तर ठेवा. एरवी इंग्रजी वार्ताहर सरळ ‘नोन टू द पोलीस’ लिहितो.

प्रश्न : ‘कोनोसेर’ आणि ‘साबेर’ यांतला फरक इंग्रजीत कसा दाखवायचा?

बहुतेक वेळा दाखवायचाच नसतो, कारण इंग्रजीत दोन्हींना ‘नो’ एकटंच आहे. आपल्याला हा फरक शिकावा लागत नाही : ‘साबेर’ म्हणजे माहीत असणं, ‘कोनोसेर’ म्हणजे ओळखणं. चुका होतात त्या काळात आणि ठिकाणांच्या बाबतीत.

‘ला कोनोसी एन लिमा’ हा पूर्ण झालेला भूतकाळ आहे. ओळख झाली तो क्षण सांगितलाय, म्हणून ‘आय मेट हर इन लिमा’. ‘या ला कोनोसिआ’ हा चालू असलेला भूतकाळ, ओळख आधीपासूनच होती : ‘आय ऑलरेडी न्यू हर’. शेवटच्या स्वरातला हा फरक घाईत वाचताना निसटतो आणि पहिल्या भेटीचा प्रसंग जुन्या ओळखीचा होऊन बसतो. तिसरा सापळा खास आपल्यासाठी आहे. ‘ला कोनोस्को देस्दे 2010’, ‘मी तिला 2010 पासून ओळखतो’. मराठी आणि स्पॅनिश दोन्हीकडे वर्तमानकाळ असल्याने हात आपोआप ‘आय नो हर सिन्स’ लिहितो. इंग्रजीला ‘आय हॅव नोन हर सिन्स 2010’ लागतं. ‘दे के ला कोनोसेस?’ असं विचारलं तर ‘हाउ डू यू नो हर?’; ‘ऑफ व्हॉट’ वगैरेच्या नादी लागू नका.

ठिकाणांचं असं, की ‘कोनोसेस तोलेदो?’ म्हणजे ‘टोलेडो बघितलंस का?’ ‘डू यू नो टोलेडो?’ म्हटलं की तिथले गल्लीबोळ पाठ आहेत का असा रोख येतो, म्हणून ‘हॅव यू बीन टू टोलेडो?’. ‘मे गुस्तारिआ कोनोसेर मेहिको’चं ‘आय’ड लव्ह टू व्हिजिट मेक्सिको’. गल्लीबोळ खरोखरच पाठ असतील तर स्पॅनिश माणूस ‘कोमो ला पाल्मा दे ला मानो’, तळहातासारखं, म्हणतो. इंग्रजीत हात पालथा करायचा : ‘लाइक द बॅक ऑफ माय हँड’.

प्रश्न : ‘फामिलिआर’ म्हणजे ‘फॅमिलिअर’च ना?

कधीकधी. ‘मे रेसुल्ता फामिलिआर’ला ‘सीम्स फॅमिलिअर टू मी’ बरोबर आहे. पण बहुतेक ठिकाणी ते कुटुंबाचं विशेषण असतं : ‘एम्प्रेसा फामिलिआर’ म्हणजे ‘फॅमिली बिझनेस’. नाम म्हणून आलं तर नातेवाईक, म्हणजे ‘लोस फामिलिआरेस’ला ‘द रिलेटिव्ह्ज’. स्पेनमध्ये ‘कोचे फामिलिआर’ला ब्रिटिश वाचकासाठी ‘इस्टेट कार’, अमेरिकनासाठी ‘स्टेशन वॅगन’. भाषेबद्दल असेल, ‘लेंग्वाखे फामिलिआर’, तर अनौपचारिक बोली, ‘कलोक्विअल’. जुन्या स्पॅनिश शब्दकोशांतली ‘फाम.’ ही खूण तीच. ‘मला या कामाची माहिती आहे’ असं सांगणारं क्रियापद वेगळं आहे, ‘एस्तार फामिलिआरिसादो कोन’, आणि त्याला ‘बी फॅमिलिअर विथ’. ‘टू’ आणि ‘विथ’ यांची अदलाबदल करू नका : गोष्ट माणसाला ‘फॅमिलिअर टू’, माणूस गोष्टीशी ‘फॅमिलिअर विथ’.

प्रश्न : ट्रेडमार्कच्या दस्तऐवजात ‘मार्का नोतोरिआ’ आहे. ‘नोटोरिअस मार्क’ लिहिलं तर चालेल?

नाही. स्पॅनिश ‘नोतोरिओ’ म्हणजे सर्वज्ञात, उघड दिसणारं. इंग्रजी ‘नोटोरिअस’ म्हणजे कुख्यात. पक्षकाराच्या ब्रँडला कुख्यात म्हणून बसाल. ट्रेडमार्क-पेटंटविषयीच्या 1883च्या पॅरिस करारातल्या 6 बिस या कलमात ‘नोतोरिआमेंते कोनोसिदा’ला इंग्रजी जोडी ‘वेल-नोन’ आहे, तीच वापरा.

मजकूर स्पेनचा असेल तर तारीख बघून घ्या. 2001च्या 17 क्रमांकाच्या ट्रेडमार्क कायद्यात दोन पायऱ्या होत्या : ‘नोतोरिआ’ म्हणजे त्या व्यवसायाशी संबंधित लोकांना माहीत, ‘रेनोम्ब्रादा’ म्हणजे सर्वसामान्यांना माहीत. 2018च्या 23 क्रमांकाच्या अध्यादेशाने हा भेद काढला आणि एकटं ‘रेनोम्ब्रे’ ठेवलं. त्याआधीच्या निकालांत दोन्ही शब्दांना एकच इंग्रजी शब्द दिलात तर युक्तिवादाचा पायाच जातो. युरोपीय संघाच्या कायद्यात ‘मार्का दे रेनोम्ब्रे’ला ‘ट्रेड मार्क विथ अ रेप्युटेशन’ ठरलेलं आहे.

मग ‘नोटोरिअस’ कुठे वापरायचं? ‘त्रिस्तेमेंते सेलेब्रे’ला. ‘सॅडली फेमस’ असं त्याचं भाषांतर सर्रास दिसतं आणि दर वेळी ओशाळवाणं वाटतं. ‘तिएने फामा दे ताकान्यो’ला मात्र ‘फेमस’ही नको आणि ‘नोटोरिअस’ही, तो चिक्कू म्हणून ओळखला जातो एवढंच, ‘ही हॅज अ रेप्युटेशन फॉर बीइंग स्टिंजी’.

प्रश्न : ‘उन कोनोसिदो’ला ‘फ्रेंड’ लिहिलं तर बिघडतं का?

बिघडतं. बोलणारा मुद्दाम ‘आमिगो’ म्हणत नाहीये. ‘अ‍ॅक्वेंटन्स’ बोलीत जड वाटलं तर ‘समवन आय नो’ किंवा ‘अ गाय आय नो’. नुसती तोंडओळख असेल, ‘दे बिस्ता’, तर ‘बाय साइट’. ‘दे ओइदास’ म्हणजे ऐकीव : ‘आय’व्ह हर्ड ऑफ हिम’. ‘हर्ड ऑफ’ लिहा, ‘हर्ड फ्रॉम’ नको; ‘फ्रॉम’ने त्याचं पत्र आलं असं होईल.

प्रश्न : ‘ओळखीचं’ सांगणाऱ्या म्हणी आणि वाक्प्रचार इंग्रजीत कसे न्यावेत?

चारच घेऊ, कारण यादी संपणारी नाही.

‘मास बिस्तो के एल तेबेओ’, म्हणजे तेबेओपेक्षाही जास्त बघितलेलं. 1917 साली बार्सिलोनात ‘तेबेओ’ नावाचं मुलांचं चित्रसाप्ताहिक निघालं. नावाची अक्षरं होती ते, बे, ओ. ते इतकं घरोघरी गेलं की स्पेनमध्ये कॉमिकलाच ‘तेबेओ’ म्हणू लागले. वाक्प्रचाराचा रोख कौतुकाचा नाही, ‘बघून बघून कंटाळा आला’ असा आहे, म्हणून ‘ओल्ड हॅट’. अर्जेंटिनात ‘मास कोनोसिदो के ला रुदा’ म्हणतात. ‘रुदा’ म्हणजे सताप, ती उग्र वासाची वनस्पती. ती इंग्रजीत नेऊन काही हाती लागत नाही. ‘एव्हरीबडी अँड देअर मदर नोज हिम’ तो सूर पकडतं.

‘ले कोनोसेन एन सु कासा आ ला ओरा दे कोमेर’ : त्याला घरचेच ओळखतात, तेही जेवायच्या वेळी. वाक्य होकारार्थी आहे, अर्थ नकारार्थी, आणि यंत्र-भाषांतर इथे हटकून फसतं. उपरोध टिकवायचा तर ‘ही’ज अ हाउसहोल्ड नेम, इन हिज ओन हाउसहोल्ड’ असं रचता येतं. मूळच्या जेवणावर पाणी सोडावं लागतं, पण घर राहतं.

‘मास बाले मालो कोनोसिदो के बुएनो पोर कोनोसेर’ला ‘बेटर द डेव्हिल यू नो (दॅन द डेव्हिल यू डोन्ट)’ रूढ आहे. मात्र इंग्रजीत दोन्हीकडे सैतान आहेत, तर स्पॅनिशमध्ये एका बाजूला माहितीतलं वाईट आणि दुसऱ्या बाजूला अजून न पाहिलेलं चांगलं. बोलणारी व्यक्ती चांगली संधी भीतीपोटी सोडत असेल, तर रूढ म्हण तो पदर गाळते. तिथे म्हण सोडून साध्या वाक्यात लिहा. आपली ‘दगडापेक्षा वीट मऊ’ आठवेल, पण तिथेही मारच आहे, चांगलं काही नाही.

प्रश्न : ‘एल हुएस के कोनोसे दे ला काउसा’. न्यायाधीश खटल्याला ‘ओळखतो’?

तो खटला ऐकतो : ‘द जज हिअरिंग द केस’. ‘कोनोसेर’ला ‘दे’ जोडलेलं आणि पुढे खटला दिसला की ओळख विसरा. असंच फसवणारं दुसरं म्हणजे स्पेनच्या बोलीतलं ‘से कोनोसे के’; त्याचा अर्थ ‘दिसतंय असं की’, इंग्रजीत ‘अपॅरेंटली’. ‘इट इज नोन दॅट’ लिहिलंत, तर शेजारणीच्या अंदाजाला सरकारी पत्रकाचं वजन येईल.