लिंगाच्या टोकाला आणि जांघेत खाज येते, लाल होतं. मेडिकलमधून कोणती ट्यूब आणू?

स्टेरॉइडवाली सोडून काहीही.

मी डी.फार्म., सांगलीकडे चुलतभावाच्या मेडिकलमध्ये काउंटरला बसायचो. हा प्रश्न तिथं धड कुणी विचारत नाही. माणूस आधी डोकेदुखीची गोळी मागतो, शेजारची बाई जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव बघतो, मग वाकून म्हणतो, "ती खाजेची द्या." दादा न विचारता मिक्स ट्यूब पुढं करायचा. मिक्स म्हणजे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं तगडं स्टेरॉइड, सगळं एकाच नळीत. दोन दिवसांत खाज बसते, बुरशी तशीच राहते. त्यात अंडकोशाची कातडी भलतीच शोषणारी. 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन लावून मोजलं तेव्हा हाताच्या 42 पट निघालं होतं.

उसाचा ट्रॅक्टर चालवणारा एक गडी हीच ट्यूब सीझनभर न्यायचा. एकदा त्याला आत फ्रिजमागं नेऊन बघितलं. गजकर्ण जांघेतून कमरेपर्यंत चढलेलं, काळ्या करदोट्याखाली तर पट्टाच. आणि जांघेत जांभळट रेघा, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. स्टेरॉइडनं कातडी पातळ झाली की त्या पडतात. पुढं फिकट होतात, पण पूर्ण जात नाहीत. मी म्हटलं, करदोटा काढ, ट्यूब बंद कर, सुरुवातीला खाज उसळेल ती सोस आणि मिरजेला चामडीच्या डॉक्टरकडे जा. तिथं गोळ्या चालू झाल्या. बायकोलाही उठलं होतं, तिचाही इलाज करावा लागला.

दादा माझ्यावरच तापला. "गिऱ्हाईक तोडतोस. त्याला डॉक्टरची फी परवडते का?" अरे, त्यानं आपल्याकडून नेलेल्या ट्यूबांच्या पैशात डॉक्टर घरी आला असता! सणावाराला भेटलो की हे भांडण अजून निघतं.

तुमचं म्हणाल तर जांघेत लाल कडेचे गोल चट्टे असतील तर गजकर्ण. टोकाला, कातडीखाली लाल होऊन पांढरा थर येत असेल तर बहुधा कँडिडा नावाची बुरशी. मग आधी शुगर तपासा, पुष्कळांना मधुमेह पहिल्यांदा इथूनच कळतो. साधं क्लोट्रिमाझोल, म्हणजे नुसतं बुरशीचं मलम, दिवसातून दोन वेळा लावा, बरं वाटलं तरी लगेच सोडू नका. डेटॉल, सुगंधी साबण, पावडर बंद. साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. चड्डी टॉवेलखाली लपवून वाळत घालता ना? उन्हात टाका, उलटी करून. रात्री खाज वाढत असेल आणि घरात सगळेच खाजवत असतील तर ती खरूज, तिला पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं.

हे सगळं न बघता सांगतोय. फोड, जखम (न दुखणारीसुद्धा), पू, लघवीला जळजळ, कातडी मागं न सरकणं, किंवा दोन आठवड्यांत फरक नाही, यातलं काहीही असलं तर डॉक्टरच. सरकारी दवाखान्यात त्वचा व गुप्तरोगाची ओपीडी असते, तिथं लाजायचं काम नाही, रांगेत सगळे त्याचसाठी असतात.

आणि मेडिकलवाल्यानं तरी मिक्स ट्यूब पुढं केलीच तर पक्कं बिल मागा, डॉक्टरच्या नावासकट. 2018 पासून ही स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूब परत ड्रॉवरमध्ये जाईल.