स्टार्च फिल्म (स्टार्चचा प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा) पाण्यात टिकत नसेल तर

आधी ग्लिसरॉल, म्हणजे फिल्म लवचिक राहावी म्हणून घातलेला द्रव, तपासा. ते स्वतःच ओलावा ओढतं. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मक्याचा स्टार्च घेतला असेल, तर १ ते १.२५ ग्रॅम ग्लिसरॉल पुरे. त्याहून फार कमी केलंत तर फिल्म सोलतानाच तडकेल.

खरा फरक पडतो तो सायट्रिक अॅसिडने. स्टार्चच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घ्या, पण उकळत्या मिश्रणात सुरुवातीलाच टाकू नका; आम्ल आणि उष्णता मिळून स्टार्चच्या साखळ्या तोडतात आणि फिल्म कमकुवत होते. स्टार्च शिजून पारदर्शक झाला, ६० अंशांच्या खाली आला, की मग मिसळा. ओतून पूर्ण वाळवा आणि त्यानंतर ओव्हनमध्ये साधारण १५० अंश सेल्सिअसला ५ मिनिटं ठेवा. नवशिके ही पायरी हमखास गाळतात. कोरड्या उष्णतेशिवाय साखळ्यांमध्ये एस्टर बंध, म्हणजे त्यांना एकमेकींशी जोडणारे रासायनिक दुवे, तयार होत नाहीत. अॅसिड नुसतंच फिल्म मऊ करत राहतं. रंग पिवळसर होऊ लागला की थांबा.

ओव्हन नसेल तर स्टार्चऐवजी सोडियम अल्जिनेटकडे (समुद्री शेवाळापासून मिळणारी पावडर) वळा. अल्जिनेटची वाळलेली फिल्म २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात काही मिनिटं बुडवा, धुवा, आणि कडा दाबून वाळवा, नाहीतर ती आकसते. मात्र खारट पाण्यात सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आणि ती पुन्हा फुगते.

चाचणी डोळ्यांनी नको. कोरडा तुकडा वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा पूर्ण वाळवून वजन घ्या. मात्र नुसतं ग्लिसरॉल निघून गेलं तरी वजन घटतं, म्हणून घट त्याच्या प्रमाणाशी ताडून पाहा.