दोन फाईलींचं पायथन टूल पायपीआयवर टाकायला एवढा पसारा खरंच लागतो का?

तुमचा प्रश्न असा की टूल आहे दोन फाईलींचं, ते पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजच्या सार्वजनिक भांडारात टाकून लोकांना पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) इन्स्टॉल करता आलं की झालं, पण गाईड उघडलं तर सेटअप डॉट पीवाय, सेटअप डॉट सीएफजी, मॅनिफेस्ट डॉट इन, ट्वाईन (अपलोड करायचं टूल) अशी वरातच निघाली, हे सगळं लागतंच का. नाही लागत. गाईड जुनं असणार.

पूर्वी सेटअप डॉट पीवाय हा चालणारा कोड असायचा, म्हणजे पॅकेजला कुठल्या डिपेन्डन्सी (दुसरी पॅकेजेस) लागतात एवढं कळायला सुद्धा तो रन करायचा, आणि रन करायला जे लागतं ते आधीच मशीनवर हवं, असा सगळा उलटा कारभार. मग पेप (पायथनमधल्या बदलांचे अधिकृत प्रस्ताव) ५१७ आणि ५१८ आले, त्यांनी बिल्डचं, म्हणजे कोडपासून इन्स्टॉल करण्याजोगी फाईल बनवायचं टूल आपलं आपण निवडायची सोय केली, आणि २०२० च्या पेप ६२१ ने नाव, व्हर्जन, डिपेन्डन्सी हे सगळं पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या एका साध्या फाईलीत लिहायची पद्धत ठरवून दिली. तुम्हाला तेवढी एकच फाईल पुरे.

कोड निव्वळ पायथनमध्ये असेल, सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला भाग) वगैरे भानगड नसेल, तर सरळ फ्लिट हे पॅकेज बनवायचं टूल वापरा, मी छोट्या टूल्सना तेच वापरतो. 'फ्लिट इनिट' चार प्रश्न विचारून फाईल लिहून देतं, 'फ्लिट पब्लिश' बिल्ड करून अपलोडही करतं, ट्वाईन वेगळं नको. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे व्हर्जन ते तुमच्या मॉड्यूलमधूनच उचलतं आणि वर्णन डॉकस्ट्रिंगच्या (मॉड्यूलच्या सुरुवातीला लिहिलेल्या माहितीच्या) पहिल्या ओळीतून. व्हर्जन नंबर दोन ठिकाणी लिहिला की कधी ना कधी एक बदलायचा राहतोच, आणि मग पायपीआय म्हणतं ०.३ आणि प्रोग्राम म्हणतो ०.२, बग रिपोर्ट आला की नेमकं कुठल्या कोडबद्दल बोलणं चाललंय तेच कळत नाही.

अपलोडच्या आधी एक काम मात्र कराच. बिल्ड झालं की डिस्ट फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएचएल शेवटी असलेली फाईल येते, तिला व्हील म्हणतात पण ती साधी झिपच असते, अनझिप करून आत बघा. टेम्प्लेट, जेसन फाईली आल्यात का? सेटअपटूल्स या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये पायथन सोडून बाकीच्या फाईली वेगळ्या सांगाव्या लागतात, विसरलात तर तुमच्या मशीनवर सगळं छान चालतं आणि दुसऱ्याकडे 'फाईल नॉट फाउंड'. फ्लिट पॅकेजच्या फोल्डरमधलं सगळं उचलतं. तरी बघाच, कारण एकदा अपलोड केलेली फाईल डिलीट केली तरी त्याच नावाने परत चढवता येत नाही, पुढचा नंबरच काढावा लागतो. सरावासाठी टेस्ट पायपीआय आहेच. आणि खराब रिलीज गेलीच तर डिलीट करू नका, 'यँक' करा, मग पिप ती आपणहून निवडत नाही पण ज्यांनी नेमका तोच नंबर पिन केलाय (हवा म्हणून लिहून ठेवलाय) त्यांचं काही अडत नाही.

ऑटोमेशन? वर्षाकाठी एखाद-दुसरी रिलीज असेल तर हाताने कमांड मारा, उगाच ऑटोमेशनच्या सूचना लिहायच्या यामल फाईलींच्या नादी लागू नका. जास्त असतील तर गिटहब अॅक्शन्स (गिटहबवर कामं आपोआप चालवायची सोय) आणि पायपीआयचं ट्रस्टेड पब्लिशिंग (२०२३ पासून आहे) जोडा, गिटमध्ये व्हर्जनचा टॅग पुश केला की रिलीज. त्यात कायमचं टोकन (अपलोडची गुप्त किल्ली) कुठे ठेवावं लागत नाही, दर वेळी १५ मिनिटांपुरतं नवीन मिळतं.

हो, नाव आधी पायपीआयवर शोधून घ्या, आणि शोधताना हायफन, अंडरस्कोर, टिंब, कॅपिटल-स्मॉल यांतला फरक तिथे धरत नाहीत हे लक्षात असू द्या, नाहीतर कोड, रीडमी सगळं नव्या नावाने करून बसाल आणि अपलोडच्या वेळी कळेल की ते कुणीतरी आधीच घेतलंय.