पतसंस्थेतून विधानसभेकडे

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे. विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तर राजीनामा द्यावा लागेल का?

उत्तर : कायद्याने नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १० नुसार सरकारचं किमान २५ टक्के भांडवल असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक अपात्र ठरतो. सहकारी संस्था त्यातून वगळल्या आहेत. संस्थेचे सेवानियम मात्र आधी वाचा. अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. खर्चाचं स्वतंत्र खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. अर्ज शपथपत्रावरूनही बाद होतात: नमुना २६ मधला रकाना कोरा ठेवू नका, ‘निरंक’ लिहा. (थकबाकीदारांकडे मतं मागायची तयारी ठेवा, तो भाग कायद्यात नाही.)