जकार्ताला मुलीला घेऊन येताय तर

प्रज्ञाताई, यजमानांना जकार्तात नोकरी मिळतेय, मुलगी दुसरीत आहे आणि 'एवढ्या मुसलमानांच्या देशात नातीला नेऊ नका' म्हणून सासूबाई अडून बसल्यात, असं तुम्ही लिहिलंत. व्हिसा, किटास (इथे राहण्याचा परवाना), लसी यांबद्दल मी काही सांगत नाही. ते वकिलातीच्या पानावर आहे आणि कंपनीचा माणूस करूनही देतो. मी सासूबाईंच्या भीतीबद्दल लिहिते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझंच मन थाऱ्यावर नाही.

त्यांना समजावताना 'इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे' हा फॉरवर्ड दाखवू नका. वीस हजार रुपियाची ती नोट १९९८ची, चलनातून कधीच गेली. त्यापेक्षा १९४५ची गोष्ट सांगा. राज्यघटनेच्या मसुद्यात मुसलमानांना शरियत पाळणं बंधनकारक करणारे सात शब्द होते. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं. पूर्वेकडच्या ख्रिस्ती भागांनी या शब्दांना हरकत घेतली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांशी बोलून ते काढून टाकले. उरलं ते 'एकमेव ईश्वरावर श्रद्धा', पंचशीलातलं, म्हणजे इथल्या राज्याच्या पाच मूलतत्त्वांतलं, पहिलं तत्त्व. दहापैकी जवळजवळ नऊ माणसं मुसलमान असलेल्या देशाने हे केलं. २००२मध्ये काही पक्षांनी ते शब्द परत आणायचा प्रयत्न केला, तेव्हा नहदलातुल उलमा आणि मुहम्मदिया या इथल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. नाताळला चर्चबाहेर पहारा देणारी तरुण पोरं नहदलातुल उलमाचीच असतात. मी ती पाहिली आहेत.

पण हे राज्य धर्म बाजूला ठेवणारंही नाही. इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध, कन्फ्यूशियन यांपैकी तुमचं काय ते बऱ्याच फॉर्मांत विचारतात. बालीच्या हिंदूंनासुद्धा मान्यता सहज मिळाली नाही. आपलाही देव एकच, सांग ह्यांग विधी, हे त्यांना सरकारदरबारी पटवून द्यावं लागलं. ते होईपर्यंत पन्नासचं दशक सरत आलं होतं.

आणि इथेच माझ्या मुलीची शाळा येते. आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी देत नव्हती, म्हणून आम्ही तिला इथल्या अभ्यासक्रमाच्या खाजगी शाळेत घातलं. धर्म हा विषय सक्तीचा, त्याचे गुण प्रगतिपुस्तकात. प्रत्येक मुलाला त्याच्या धर्माच्या शिक्षकाकडून शिकण्याचा हक्क आहे, असं २००३चा कायदा सांगतो. शाळेत हिंदू शिक्षक नव्हता. त्या तासाला वर्गातली मुलं दोन खोल्यांत विभागायची आणि माझी मुलगी वाचनालयात एकटी बसायची. सहामाहीला धर्माच्या गुणांची जागा रिकामी, म्हणून प्रगतिपुस्तकच अडलं. मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या, "तिला इस्लामच्या तासाला बसू द्या ना, गुण मिळून जातील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना ती सोय वाटत होती. माझ्या डोक्यातून ते वाक्य आजही जात नाही. कायदा दाखवला तर म्हणाल्या, एका मुलीसाठी शिक्षक कुठून आणू?

शेवटी जकार्तातल्याच रावामांगुन भागातल्या पुरात, म्हणजे तिथल्या बाली देवळात, रविवारच्या वर्गाला जायला लागलो. तिथून गुणांचा कागद आणायचा, शाळेत द्यायचा, शाळेने शिक्का चुकीचा म्हणून परत पाठवायचा, पुन्हा पुढच्या रविवारी जायचं. मुलगी मात्र तिथे रमली. त्रिसंध्या म्हणायला शिकली, तिची सुरुवात गायत्रीनेच होते. साताऱ्याच्या आजीला फोनवर ती 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणते. आजीला कौतुक वाटतं. मला आनंद होतो आणि माझं काही तरी हातचं गेलं असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

आता २०१६ची गोष्ट. जकार्ताचा तेव्हाचा गव्हर्नर आहोक चिनी वंशाचा आणि ख्रिस्ती. कुराणातल्या एका आयतीबद्दल तो भाषणात काही बोलला, त्यावर ईशनिंदेचा आरोप झाला आणि २ डिसेंबरला मोनासच्या, म्हणजे राष्ट्रीय स्मारकाच्या, मैदानात लाखोंचा समुदाय जमला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो निवडणूक हरला, मे महिन्यात त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याविरुद्धच्या धार्मिक निर्णयावर सही करणारे मारूफ अमीन हे उलेमा परिषदेचे, म्हणजे मुस्लिम धर्मगुरूंच्या संस्थेचे, अध्यक्ष; त्यांनाच पुढे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांनी देशाच्या उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबत घेतलं. जोकोवी तर आहोकचे जुने मित्र. इथलं राजकारण असं चालतं. इस्लामी पक्षांना एकट्याने बहुमत कधीच मिळालेलं नाही, पण त्यांना दुखवून निवडणूक लढायची हिंमतही फार थोड्यांत आहे.

आमच्या शेजारच्या बाई, माझ्या मुलीला रोज शाळेतून आणणाऱ्या, त्या दिवशी पांढरे कपडे घालून मोनासला गेल्या. पुढच्या शाळेच्या दिवशी नेहमीसारख्या तिला घेऊन आल्या, वाटेत तिला केळ्याची भजीही घेऊन दिली होती. त्यांचं प्रेम खरं होतं आणि मैदानात जाणंही मनापासून होतं. मी त्यांना काही विचारलं नाही. त्या रात्री मला कोथरूडमधली आमची सोसायटी आठवली. एका मुसलमान कुटुंबाला तिथे फ्लॅट मिळाला नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. संख्येने थोड्या असलेल्या लोकांतलं असणं काय असतं, हा प्रश्न पुण्यात मला कधी पडलाच नव्हता.

एकटेपणाचं विचारलंत. मराठी घरं आहेत, गणपती बसतो, कढीपत्ता मिळतो. निभतं.

तेव्हा या, जरूर या. फक्त शाळेत फीच्या आधी एवढं विचारा: हिंदू धर्माचा शिक्षक आहे का, नसेल तर गुण कुठून येणार, आणि त्या तासाला मुलगी कुठे बसणार? उत्तर लेखी घ्या. रावामांगुनच्या वर्गाला यायचं असेल तर मला कळवा, रविवारी आम्ही तिकडेच असतो.