निवडणूक हरल्यावर नव्या गव्हर्नरचे हात बांधता येतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत गव्हर्नरची निवडणूक हरलेला पक्ष नव्या माणसाने शपथ घेण्याआधीच त्याचे अधिकार कसे काय कमी करू शकतो, हे कायद्यात बसतं का, आणि आपल्याकडे असं होईल का. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, मतदानही इथेच करते. या राज्यात हा प्रकार 2016 ला झाला आणि 2024 ला पुन्हा झाला, म्हणून उत्तर जरा लांबेल.

इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. लोकांनी थेट निवडलेला मुख्यमंत्री म्हणा. विधिमंडळ वेगळं निवडून येतं, त्यामुळे गव्हर्नरपद गेलं तरी विधिमंडळातलं बहुमत शाबूत राहू शकतं. निकाल नोव्हेंबरात लागतो, नवा गव्हर्नर येतो जानेवारीत. मधल्या काळात विधेयक आणणारेही एकाच पक्षाचे आणि सही करणाराही त्यांचाच. आपल्याकडे मुख्यमंत्री विधानसभेतल्या बहुमतातूनच येतो, त्यामुळे हरणाऱ्याच्या हातात सभागृहही उरत नाही. थोडंफार साम्य थेट निवडलेल्या सरपंचाशी आहे. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं, असं पुष्कळ गावांत होतं. पण तिथे सदस्यांना सरपंचाचे अधिकार बदलता येत नाहीत, तो कायदा राज्याचा असतो. इथे कायदाच त्यांच्या हातात आहे.

2016 ला डेमोक्रॅट रॉय कूपर यांनी रिपब्लिकन गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांना सुमारे 10 हजार मतांनी हरवलं. मॅक्रोरींनी हार मान्य केली ती 5 डिसेंबरला. त्यानंतर आठवड्याभरात विशेष अधिवेशन बोलावलं गेलं. कारण होतं मॅथ्यू चक्रीवादळातल्या लोकांना मदत. ती मदत मंजूर झाली आणि लगेच त्याच दिवशी दुसरं विशेष अधिवेशन सुरू झालं. त्याची आधी वाच्यताही नव्हती. बातमी कळली तशी लोकं राजधानी रॅली शहरातल्या विधिमंडळात जमली, घोषणा झाल्या, सभागृहाचे सज्जे रिकामे केले गेले, कितीतरी जणांना अटक झाली. मॅक्रोरींनी विधेयकांवर सह्या करून टाकल्या.

त्यातली एक तरतूद मला आजही सगळ्यात बोलकी वाटते. गव्हर्नर आपल्या मर्जीने ठेवू वा काढू शकेल अशा सरकारी पदांची संख्या 1,500 वरून 425 वर आणली. आता हे 1,500 आले कुठून? मॅक्रोरी सत्तेवर आल्यावर 2013 ला याच रिपब्लिकन विधिमंडळाने ती मर्यादा वाढवून दिली होती. आपला माणूस होता तोवर गव्हर्नरला मोकळीक हवी होती, दुसरा निवडून आला आणि महिनाभरात ती धोकादायक ठरली. याला सुधारणा म्हणायला मी तयार नाही.

दुसरी तरतूद निवडणूक मंडळाची, म्हणजे राज्यातल्या निवडणुका चालवणाऱ्या मंडळाची. इथे ज्या पक्षाचा गव्हर्नर त्याचं मंडळात बहुमत, अशी जुनी रीत. ती बदलून दोन्ही पक्षांचे समसमान सदस्य केले. ऐकायला चांगलं वाटतं. पण मंडळाचं अध्यक्षपद सम आकड्याच्या वर्षी रिपब्लिकनांकडे आणि विषम वर्षी डेमोक्रॅटांकडे. राष्ट्राध्यक्षाची, गव्हर्नरची, विधिमंडळाची, सगळ्या मोठ्या निवडणुका सम वर्षीच होतात.

कायद्यात बसतं का, तर काही बसलं, काही नाही. निवडणूक मंडळाची रचना, 2017 ला बदलून आणलेल्या रूपात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये 4 विरुद्ध 3 मतांनी रद्द केली. गव्हर्नरने निवडलेल्या मंत्र्यांना सिनेटची, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागेल, ही अट मात्र टिकली. या राज्यात गव्हर्नरचे बरेचसे अधिकार घटनेतून नव्हे, साध्या कायद्यातून येतात. कायद्याने दिलेलं कायद्याने काढता येतं. व्हेटो, म्हणजे विधेयक नाकारायचा अधिकार, तोसुद्धा इथल्या गव्हर्नरला 1990 च्या दशकात मिळाला, सगळ्या राज्यांत शेवटी. आणि हे फक्त रिपब्लिकनच करतात असंही नाही. 1988 ला रिपब्लिकन जिम गार्डनर उपगव्हर्नर झाले, तेव्हा सिनेटमधल्या डेमोक्रॅटांनी समित्या नेमण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला होता. तेही चूकच होतं.

न्यायालयाने अडवल्यावर विधिमंडळाने 2018 ला घटनादुरुस्तीच लोकांपुढे ठेवली. तेव्हा हयात असलेले पाचही माजी गव्हर्नर, दोन्ही पक्षांचे, एकत्र येऊन विरोधात उभे राहिले. त्यांत मॅक्रोरीही होते. निवडणूक मंडळाची आणि न्यायाधीशांच्या रिक्त जागा भरण्याची, अशा दोन्ही दुरुस्त्या मतदारांनी सपशेल फेटाळल्या.

विस्कॉन्सिन राज्यात 2018 च्या डिसेंबरात हेच झालं. डेमोक्रॅट टोनी एव्हर्स यांनी रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांना हरवल्यावर रातोरात विधेयकं आली. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलला, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाला, दाव्यात तडजोड करायची तर विधिमंडळाच्या समितीची परवानगी लागेल, अशी अट घातली. काही प्रकारच्या दाव्यांपुरती ती अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केली, पण कधी? जून 2025 मध्ये. साडेसहा वर्षं गेली. न्यायालयात जिंकलं तरी दरम्यानचा कारभार परत मिळत नाही.

आता 2024. डेमोक्रॅट जॉश स्टाइन जवळजवळ 15 टक्क्यांच्या फरकाने गव्हर्नर झाले. त्याच निवडणुकीत रिपब्लिकनांचं व्हेटो मोडण्याइतकं बहुमत खालच्या सभागृहात एका जागेने गेलं, पण ते जानेवारीपासून. डिसेंबरात ते अजून हातात होतं. सप्टेंबरात हेलीन वादळाने राज्याचा पश्चिम भाग उद्ध्वस्त केला होता, शंभरहून अधिक माणसं गेली होती. वादळग्रस्तांच्या मदतीच्या नावाने 131 पानांचं विधेयक आलं. त्यातली थोडीच पानं वादळाची. बाकीच्यांत निवडणूक मंडळ नेमण्याचा अधिकार गव्हर्नरकडून काढून राज्याच्या लेखापरीक्षकाला दिला होता. मावळते गव्हर्नर कूपर यांचा व्हेटो विधिमंडळाने मोडून काढला. घरं वाहून गेलेल्या माणसांच्या नावावर हे केलं, याचा मला आजही संताप येतो.

लेखापरीक्षक का? कारण त्या पदावर रिपब्लिकन डेव्ह बोलिक निवडून आले होते. मे 2025 मध्ये त्यांनी नवं मंडळ नेमलं आणि बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं. माझ्या मतपत्रिकेवर लेखापरीक्षकाचं पद होतं, मी मतही दिलं. सरकारी हिशेब कोण नीट तपासेल, एवढाच विचार तेव्हा करायचा होता. हाच माणूस निवडणुका चालवणारं मंडळ नेमणार आहे हे कळायला कुणालाच वाव नव्हता, कारण ते विधेयक आलं मतदान झाल्यावर.